युरोपातली वीजबाजाराची धोरणं एका देशातून दुसऱ्या देशात कशी पोचली, हे स्वतः शोधायचं कसं

युरोपातल्या एखाद्या देशाने वीजबाजारात नवीन नियम आणला आणि तीनचार वर्षांत आजूबाजूच्या दोन देशांतही तसंच काहीतरी दिसलं, की लेखांमध्ये आणि प्रेझेंटेशनमध्ये ठरलेलं वाक्य येतं, यांनी त्यांचं बघून केलं. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याच वेळा दोघांवरही ब्रसेल्समधून, म्हणजे युरोपियन युनियनकडून, एकच बंधन आलेलं असतं, किंवा दोघांच्या तारा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे दुसऱ्याला पर्यायच उरलेला नसतो, आणि काही वेळा तर नाव सारखं असून आतला मालच वेगळा असतो. मला हा विषय मनापासून आवडतो आणि यात अंदाजपंचे बोललेलं बघितलं की राहवत नाही, म्हणून एखाद्या धोरणाचा माग कसा काढायचा ते सविस्तर लिहितोय. प्रोजेक्टसाठी असो, रिपोर्टसाठी असो की नुसतीच उत्सुकता म्हणून, पद्धत तीच.

सगळ्यात आधी विषय लहान करा. "युरोपातलं रिन्युएबल धोरण" असा विषय घेतलात तर वर्षभर वाचत बसाल आणि हाती काही लागणार नाही. फीड-इन टॅरिफ घ्या, म्हणजे सौर किंवा वाऱ्याची वीज ठरलेल्या दराने वर्षानुवर्षं विकत घ्यायची हमी. किंवा कपॅसिटी मार्केट घ्या, म्हणजे वीज लागो न लागो, प्लांट तयार ठेवल्याचे पैसे. किंवा सीएफडी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स, ज्यात एक भाव ठरवतात, बाजारभाव त्याच्या खाली गेला तर प्लांटला फरक मिळतो आणि वर गेला तर प्लांटने फरक परत करायचा. यातलं एकच घ्या आणि एका ओळीत लिहून काढा की पैसे कोण देतं, कोणाला मिळतात आणि भाव कसा ठरतो. ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण नंतर तुलना करताना गाडी इथेच अडते.

मग तारखा. प्रत्येक देशासाठी एक तारीख पुरत नाही, निदान तीन लागतात: कायदा कधी झाला, ब्रसेल्सची मंजुरी कधी आली, आणि पहिला लिलाव किंवा पहिलं पेमेंट कधी झालं. पोलंडचं कपॅसिटी मार्केट बघा, कायदा डिसेंबर २०१७, युरोपियन कमिशनची (युनियनची कार्यकारी संस्था, सरकारी मदत तपासण्याचं काम तिचं) मंजुरी फेब्रुवारी २०१८, पहिला लिलाव नोव्हेंबर २०१८ आणि प्रत्यक्ष डिलिव्हरीचं, म्हणजे प्लांट खरोखर तयार ठेवायचं, पहिलं वर्ष २०२१. ब्रिटनचा पहिला लिलाव डिसेंबर २०१४ मध्ये झाला होता पण त्याची डिलिव्हरी २०१८ च्या हिवाळ्यासाठी होती. आता या दोन ओळी शेजारी ठेवा. पोलंडने कायदा केला तेव्हा ब्रिटनमध्ये मुख्य लिलावातल्या कराराखाली डिलिव्हरी सुरूच झाली नव्हती. म्हणजे पोलंड शिकलं असेल तर लिलावाच्या निकालांवरून आणि डिझाइनवरून, हिवाळ्यात दिवे चालू राहिले की नाही यावरून नक्कीच नाही. नुसत्या तारखा नीट मांडल्या तरी इतकं कळतं, आणि बरेच लोक हेच करत नाहीत.

"पहिला कोण" याच्या वादात जास्त अडकू नका, पण एकदा तपासून घ्या. वीजबाजार खुला करणारा पहिला देश म्हणून ब्रिटनचं नाव घेतात, १९८९ चा इलेक्ट्रिसिटी अ‍ॅक्ट आणि १९९० मध्ये सुरू झालेला पूल, म्हणजे वीज खरेदी-विक्रीचा सामाईक बाजार, पण चिलेने १९८२ मध्येच कायदा करून ठेवला होता. युरोपातल्या गोष्टीची सुरुवात युरोपाबाहेर असू शकते. शिवाय युरोपातही लगेच दुसरं मॉडेल उभं राहिलं, नॉर्वेने १९९० मध्ये कायदा केला, १ जानेवारी १९९१ पासून तो लागू झाला, आणि तिथे कंपन्या विकायच्या भानगडीत न पडता बाजार खुला केला, जनरेशनचा मोठा वाटा सरकारी आणि नगरपालिकांच्या मालकीचाच राहिला. पुढे कुठला देश ब्रिटनकडे बघत होता आणि कुठला नॉर्वेकडे, हा प्रश्न "पहिला कोण" पेक्षा कितीतरी कामाचा. ब्रिटनने स्वतःचा पूल तर २००१ मध्ये बंदच केला आणि दुसरी पद्धत आणली, तोपर्यंत नॉर्वेच्या बाजूला स्वीडन (१९९६), फिनलंड (१९९८) आणि मग डेन्मार्क येऊन बसले होते आणि नॉर्ड पूल हा कित्येक देशांचा सामाईक बाजार झाला होता.

आता मुख्य काम. दोन देशांत सारखं धोरण दिसलं की मधला रस्ता शोधायचा, आणि माझ्या मते युरोपात तो रस्ता सरळ क्वचितच असतो. एक देश काहीतरी करतो, ते ब्रसेल्सला जातं, तिथे भांडणं होतात, त्याचा नियम होतो आणि तो नियम सगळ्यांकडे खाली येतो. त्यामुळे प्रत्येक देशाबद्दल विचारायचं की याने हे नियम यायच्या आधी उचललं की नंतर. आधी उचललं असेल तर शिकणं, नक्कल, स्पर्धा असं काही असू शकतं. नंतर असेल तर ती बहुतेक सक्ती.

लिलावांचं उदाहरण घ्या. २०१५ ते २०१८ मध्ये युरोपभर रिन्युएबलसाठी लिलाव सुरू झालेले दिसतात आणि वाटतं काय भराभर शिकले सगळे. पण २०१४ मध्ये कमिशनने सरकारी मदतीची नवी गाइडलाइन काढली होती, तिच्यात १ जानेवारी २०१७ पासून नव्या मोठ्या प्रोजेक्टला मदत द्यायची तर स्पर्धात्मक बोली लावा असं होतं, काही अपवाद सोडून. जर्मनीने २०१५ मध्ये सौर प्लांटसाठी प्रयोग म्हणून लिलाव केले आणि २०१७ च्या कायद्याने मोठ्या प्रोजेक्टला लिलावच लावला, त्यामागे ही गाइडलाइन होती. याउलट इटलीने २०१२ मध्येच लिलाव आणले होते, आणि ब्रिटनमध्ये तर १९९० पासून एनएफएफओ नावाची बोलीची पद्धत होती, जिच्यासारखी एईआर नावाची योजना आयर्लंडने १९९० च्या दशकात चालवली आणि नंतर सोडून फीड-इन टॅरिफ घेतला. बघा, एकच "लिलाव" पण तीन वेगवेगळ्या लाटा, तीन वेगळी कारणं. सगळे देश एका तक्त्यात टाकून एकच रेघ ओढली तर हे सगळं पुसलं जातं.

फीड-इन टॅरिफवर जास्त वेळ घालवा असं मी मुद्दाम सांगेन, कारण सगळ्यात शिकण्यासारखं यात आहे. जर्मनीचा पहिला कायदा डिसेंबर १९९० चा, लागू १ जानेवारी १९९१ पासून, त्यात वारा आणि सौर विजेला ग्राहकांच्या सरासरी दराच्या ९० टक्के मिळायचे. मग २००० मध्ये ईईजी हा रिन्युएबल विजेचा कायदा आला, हेर्मान शीअर आणि हान्स-योसेफ फेल हे त्यामागचे खासदार, त्यात दर थेट आकड्यात बांधून २० वर्षांची हमी दिली. त्या काळात ब्रसेल्सचा कल वेगळा होता, कमिशनला संपूर्ण युरोपसाठी ग्रीन सर्टिफिकेटचा बाजार हवा होता, म्हणजे कोटा ठरवायचा आणि सर्टिफिकेटं विकायची-घ्यायची. ब्रिटन, इटली, बेल्जियम, स्वीडन त्या वाटेने गेले. २००१ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मार्चमध्ये युरोपियन कोर्टाने प्रॉयसेनइलेक्ट्रा खटल्यात सांगितलं की खाजगी कंपन्यांना ठरलेल्या दराने वीज घ्यायला लावणारी जर्मन पद्धत ही सरकारी मदत होत नाही, आणि त्याच वर्षी आलेल्या रिन्युएबल डायरेक्टिव्हने (युनियनचा सगळ्या देशांना बांधणारा आदेश) कुठली पद्धत वापरायची हे देशांवर सोडलं. त्यानंतर फीड-इन टॅरिफ पसरायला मोकळं रान मिळालं. जर्मनी आणि स्पेनने २००४ मध्ये इंटरनॅशनल फीड-इन कोऑपरेशन काढलं, नंतर स्लोव्हेनिया त्यात आला, आणि अनुभव वाटून घेणं हा हेतू सांगितलेला असला तरी माझं मत असं की त्यात स्वतःचं धोरण वाचवणं पण होतं. जितके जास्त देश तुमच्यासारखं करतील तितकं ब्रसेल्सला ते मोडणं अवघड जातं. म्हणून माग काढताना घेणाऱ्या देशाइतकाच देणारा देशही बघा, त्याला ते बाहेर न्यायची गरज का वाटत होती हे बघा.

आता या प्रवासात वाटेत काय सांडलं ते शोधायचं, ही माझी सगळ्यात आवडती पायरी. जर्मन कायद्यात नव्या प्लांटचा दर दरवर्षी कमी होत जायची सोय होती, आणि २००९ पासून तर जास्त सौर पॅनल बसले की दर जास्त उतरायचा. चेक रिपब्लिकने २००५ मध्ये जर्मन धर्तीचा कायदा केला, पण त्यात रेग्युलेटरला, म्हणजे वीजक्षेत्राच्या नियामकाला, नव्या प्लांटचा दर एका वर्षात ५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करता येणार नाही असं घातलं. गुंतवणूकदाराला धीर मिळावा म्हणून घातलं असणार, पण पॅनलचे भाव धडाधड पडले आणि दर मात्र तिथेच, मग २००९ आणि २०१० मध्ये सौर प्लांटची अशी झुंबड उडाली की २०१० संपता संपता जवळपास २,००० मेगावॉट झाले, आणि सरकारने त्या दोन वर्षांतल्या प्लांटच्या कमाईवर २६ टक्के वसुली बसवली. स्पेनमध्ये हेच थोडं आधी झालं होतं, २००७ च्या दराने २००८ मध्ये एका वर्षात अडीच हजार मेगावॉटच्या वर सौर बसलं, मग कोटा आला, मग जुन्या प्लांटचेही पैसे कमी केले आणि गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादात गेले. म्हणजे स्पेनचा धडा २००८ मध्येच समोर होता आणि तरी चेक सरकार त्याच रस्त्याने गेलं. ज्याला "देश एकमेकांचं बघून शिकतात" असं सरसकट म्हणायचंय त्याने ही दोन वर्षं आधी नीट वाचावी. दर पसरला, पण दर आवरणारा ब्रेक पसरला नाही.

आणि बाण उलटाही जातो. स्पेनमध्ये १९९८ पासून बाजारभावावर प्रीमियम, म्हणजे वर जास्तीची रक्कम, घ्यायचा पर्याय होता, जर्मनीने मार्केट प्रीमियम २०१२ मध्ये आणला. यावरून जर्मनीने स्पेनचं घेतलं असं लगेच लिहू नका, क्रम एवढाच पुरावा आहे. उचललं असं लिहायचं तर कागदावर पुरावा हवा.

तो कागद कुठे मिळतो? कमिशनचे सरकारी मदतीचे निर्णय हे सोनं आहे. प्रत्येक योजनेला एसए ने सुरू होणारा नंबर असतो, निर्णयाची सार्वजनिक प्रत कमिशनच्या साइटवर मिळते आणि त्यात योजनेचं डिझाइन बारीकसारीक तपशिलासह लिहिलेलं असतं, लिलाव कसा, करार किती वर्षांचा, दंड किती. युनियनचे कायदे आणि डायरेक्टिव्ह यूर-लेक्स या तिच्या अधिकृत साइटवर. त्यानंतर त्या देशाच्या संसदेत बिलासोबत जोडलेलं स्पष्टीकरण वाचा, तिथे "अमुक देशात असं आहे" असं सरळ लिहिलेलं सापडतं, भाषा येत नसली तरी मशीन ट्रान्सलेशनने काम भागतं. रेग्युलेटर लोक एकमेकांना कुठे भेटतात तेही बघा, फ्लोरेन्स फोरम १९९८ पासून, सीईईआर ही रेग्युलेटरांची संघटना २००० पासून, आणि लुब्लियानामधली एसर ही रेग्युलेटरांच्या सहकार्यासाठीची युनियनची एजन्सी २०११ पासून. या बैठकांची मिनिट्स कंटाळवाणी असतात, मान्य, पण एखादी कल्पना कायद्यात यायच्या आधी तिथे दिसते. माणसांचाही माग काढा. स्टीफन लिटलचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमसाठी आरपीआय-एक्स (महागाईच्या दरातून ठरलेली टक्केवारी वजा) हा दर बांधायचा फॉर्म्युला सुचवला, १९८९ मध्ये तेच विजेचे पहिले रेग्युलेटर झाले आणि फॉर्म्युला विजेत आला, मग त्याची रूपं युरोपातल्या इतर रेग्युलेटरांकडे दिसायला लागली. धोरणं बऱ्याचदा माणसांच्या डोक्यातून प्रवास करतात, कन्सल्टंट तर खासच.

कागद मिळाले की आकडे आणि अटी शेजारी शेजारी लावा. ब्रिटन आणि पोलंडचं कपॅसिटी मार्केट लावलंत तर दोन्हीकडे भाव उतरत जाणारा लिलाव, सगळ्यांना एकच शेवटचा भाव, नव्या प्लांटला १५ वर्षांपर्यंत करार. ही जवळीक योगायोगाची नाही. पण इटली आणि आयर्लंडचं लावलंत तर तिथे रिलायबिलिटी ऑप्शन आहे, बाजारभाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की प्लांटने वरचे पैसे परत द्यायचे, आणि फ्रान्सने २०१७ पासून जे चालवलं त्यात वीज विकणाऱ्या कंपन्यांनाच सर्टिफिकेटं गोळा करायची सक्ती होती. तिघांनाही कपॅसिटी मार्केट म्हणतात! तिघांना एका ढिगात टाकून "कपॅसिटी मार्केट इतक्या देशांत पसरलं" असं मोजणं मला पटत नाही. पोलंडने ब्रिटनच्या साच्यात स्वतःची गरजही भरली, तिथे कोळशाचे प्लांट होते, आणि २०१९ च्या युरोपियन नियमात किलोवॉट-तासाला ५५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा येणार हे दिसत असताना २०१८ आणि २०१९ चे लिलाव उरकले, कारण २०१९ अखेरपर्यंत झालेले करार त्या मर्यादेतून सुटणार होते. साचा कुठून आला हे बघून झालं की तो कोणाच्या सोयीसाठी आला हेही बघाच.

तारांचं वेगळं प्रकरण आहे, पण थोडक्यात सांगतो. मार्केट कपलिंग, म्हणजे देशांचे उद्याच्या विजेचे बाजार एकत्र सोडवून भाव आणि सीमेवरचा प्रवाह एकदमच ठरवणं, हे फ्रान्स-बेल्जियम-नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर २००६ ला सुरू झालं, २०१० मध्ये जर्मनी आणि लक्झेंबर्ग, फेब्रुवारी २०१४ मध्ये नॉर्डिक देश आणि ब्रिटन धरून सगळा वायव्य युरोप, मे २०१४ मध्ये स्पेन-पोर्तुगाल, २०१५ मध्ये इटलीच्या सीमा. नकाशावर रंग भरत गेलात तर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकताना दिसतं, आणि युनियनचा कपलिंगबद्दलचा नियम (सीएसीएम, २०१५) मागून आला. इथे कॉपी हा शब्दच चुकीचा, कारण दुसरा जोडला नाही तर पहिल्याला फायदाच नाही. पण नुसत्या तारा असून भागत नाही. स्वित्झर्लंड युरोपच्या ग्रिडच्या मधोमध आहे, तरी युरोपियन युनियनशी लागू असलेला वीज करार नाही म्हणून कपलिंगच्या बाहेर, आणि ब्रिटन २०२० संपताना ब्रेक्झिटमुळे बाहेर पडलं, केबल जशाच्या तशा समुद्रात असताना. उलट युक्रेन सदस्य नसून एनर्जी कम्युनिटीच्या, म्हणजे युनियनचे ऊर्जेचे नियम शेजारी देशांपर्यंत नेणाऱ्या, करारामुळे (सही २००५, युक्रेन आत आलं २०११ मध्ये) युरोपियन नियम घेत गेलं, १ जुलै २०१९ ला नवा बाजार सुरू केला आणि १६ मार्च २०२२ ला, युद्ध चालू असताना, ग्रिडही युरोपशी जोडलं. तारेच्या आधी नियम पोचला होता.

जे पसरलं नाही ते तर अजिबात विसरू नका. याशिवाय तुमचा शोध अर्धा आहे. स्पेनने गॅसचे भाव चढल्यावर दोन गोष्टी केल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये गॅस न जाळणाऱ्या प्लांटचा महागाईमुळे झालेला जास्तीचा नफा कापला. आणि जून २०२२ पासून पोर्तुगालबरोबर मिळून वीजनिर्मितीच्या गॅसला भावाची मर्यादा लावली, सुरुवातीला मेगावॉट-तासाला ४० युरो, यालाच आयबेरियन एक्सेप्शन म्हणतात. पहिली कल्पना फिरली, इटलीने जानेवारी २०२२ मध्ये तशी वसुली आणली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सगळ्या युनियनसाठी तात्पुरता नियम आला, गॅसपेक्षा स्वस्त पडणाऱ्या प्लांटची कमाई मेगावॉट-तासाला १८० युरोवर थांबवणारा. दुसरी कल्पना युरोपभर लावायची चर्चा त्याच वर्षी झाली पण ती आयबेरियातच राहिली. देश तोच, संकट तेच. फरक असा की पहिल्यात बाजारातला भाव तसाच राहतो, फक्त नंतर पैसे फिरतात. दुसऱ्यात भावच खाली येतो, त्यामुळे स्वस्त वीज सीमेपलीकडे वाहायला लागते आणि गॅस जास्त जळतो, स्पेनमधून फ्रान्सकडे हे झालंही, पण फ्रान्सशी जोडणाऱ्या तारा मुळात कमी म्हणून झेपलं. युरोपच्या मध्यात ते तसं झेपलं नसतं. अशी एक पसरलेली आणि एक न पसरलेली जोडी सापडली की कारण हाताला लागतं, नुसती यशस्वी उदाहरणं गोळा करून ते कधीच लागत नाही.

विरोध कोणी केला हेही नोंदवा, कोर्टातली प्रकरणं त्यासाठी उपयोगी. ब्रिटनच्या हिंकली पॉइंट सी या अणुप्रकल्पाला सीएफडी मिळाला, २०१२ च्या किमतीने मेगावॉट-तासाला ९२.५० पाउंड, ३५ वर्षं, आणि कमिशनने २०१४ मध्ये त्याला मंजुरी दिली म्हणून ऑस्ट्रिया कोर्टात गेलं, २०२० मध्ये हरलं. ऑस्ट्रियाला ब्रिटिश वीज ग्राहकाची काळजी होती असं नाही, एकदा मान्य झालं की इतर देश तोच रस्ता धरतील ही भीती होती असं मला वाटतं, आणि तसा निकाल लागला की तो सगळ्यांना आधार म्हणून वापरता येतो.

पद्धत हातात बसवायची तर सीएफडीचाच माग काढायला घ्या, कारण हे आत्ता डोळ्यांसमोर घडतंय. ब्रिटनचा एनर्जी अ‍ॅक्ट २०१३, आयर्लंडचा पहिला लिलाव २०२०, पोलंडचा समुद्रातल्या पवनऊर्जेचा कायदा २०२१ मध्ये लागू, मग २०२४ च्या युरोपियन सुधारणेत असं आलं की १७ जुलै २०२७ पासून नव्या पवन, सौर, भूऔष्णिक, जलाशय नसलेल्या जलविद्युत आणि अणुप्रकल्पांना थेट किमतीचा आधार द्यायचा तर तो दोन्ही बाजूंच्या सीएफडीने किंवा तशाच दुसऱ्या योजनेने द्यावा. म्हणजे त्या तारखेच्या आधी जो देश आणतो त्याच्या मागे एक कारण आणि नंतर आणणाऱ्याच्या मागे दुसरं. तक्ता आत्ताच बनवा: देश, तीन तारखा, ठरलेला भाव महागाईशी जोडलाय का, करार किती वर्षांचा, भाव शून्याखाली गेला तर पैसे मिळतात का, आणि परत आलेले पैसे ग्राहकाला जातात की तिजोरीत. शेवटच्या रकान्यावर खास लक्ष ठेवा, देशादेशांत सगळ्यात जास्त फरक तिथेच पडेल असा माझा अंदाज आहे.